मणक्यातला ‘गॅप’

गेल्या उन्हाळ्यात एक एसटी चालक सपत्नीक दवाखान्यात आले. वय ४५. काखेत एम.आर.आय.ची मोठी पिशवी. “डॉक्टर, मणक्यात गॅप आलाय म्हणतात. ऑपरेशनसाठी शेत गहाण टाकायचं ठरतंय,” बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. कंबर धरून जेमतेम बारा दिवस झाले होते. कोणी हात लावून तपासण्याआधीच, शेजाऱ्याच्या सल्ल्याने फोटो काढून झाला होता.

आधी या ‘गॅप’विषयी. दोन मणक्यांमध्ये जागा असतेच, तिथे गादी असते. वयाबरोबर गादीतले पाणी कमी होऊन ती चपटी होते. म्हणजे गॅप वाढत नाही, उलट कमी होतो! रिपोर्टातले ‘डेसिकेशन’ ते हेच. ‘बल्ज’ म्हणजे गादीची कड थोडी बाहेर फुगणे. ‘एक्स्ट्रुजन’मध्ये आतला मऊ भाग वेष्टण फोडून बाहेर येतो. तो शिरेवर दाबला तर कळ पायात उतरते. पण असा भागही पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो.

१९९४ साली अमेरिकेत, कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ जणांचे एम.आर.आय. काढले गेले. निम्म्याहून अधिक जणांत कुठे ना कुठे बल्ज निघाला. सर्व गाद्या निर्दोष असलेले शंभरात ३६ भरले. रेडिओलॉजिस्ट दिसेल ते लिहितो, ते त्याचे कामच आहे. पण दिसले तेच दुखते आहे, हे फोटोवरून ठरत नाही.

मी त्यांना झोपवून पाय सरळ उचलून पाहिला, अंगठ्याची ताकद पाहिली, बधिरपणा तपासला. सगळे ठीक होते. शेक, थोड्या गोळ्या आणि रोजचे चालणे सांगितले. (एकेकाळी मीही अशा रुग्णांना तीन आठवडे फळीवर झोपवून ठेवत असे. ते चूक होते.)

काही वेळा मात्र एम.आर.आय.ला उशीर करू नये. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतले बळ गेले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. चालताना पायातली चप्पल कळत नकळत निसटू लागली, तर तेही लवकर दाखवावे. संध्याकाळी बारीक ताप, घटते वजन आणि रात्री ठणकणारी पाठ असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. पूर्वी कॅन्सर झालेल्यांनीही नवी पाठदुखी अंगावर काढू नये.

सहा आठवड्यांनी चालक ड्यूटीवर रुजू झाले. घाटाची फेरी असली की कंबर अजून धरते म्हणतात. शेत गहाण पडले नाही. रिपोर्टाची पिशवी बाईंनी कपाटावर टाकली आहे.