वेटोळ्याचं वादळ

‘सायक्लोन’ हा शब्द आपल्याकडे विलायतेहून आलेला नाही. तो कलकत्त्यात घडला. घडवणारा हेन्री पिडिंग्टन हा मूळचा जहाजावरचा माणूस. पुढे कलकत्त्यात सागरी अपघातांच्या चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायच्या, कोणत्या तासाला वारा कुठून होता ते नकाशावर बाणांनी मांडायचं, हे काम त्याने वर्षानुवर्षं केलं. बाण जुळत गेले तसा वारा फिरताना दिसू लागला.

१८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने हा नवा शब्द सुचवला. ‘स्टॉर्म’, ‘गेल’ हे शब्द वाऱ्याचा जोर सांगत. तो फिरतो आहे हे सांगत नसत. म्हणून त्याने ग्रीक ‘कुक्लोस’वरून शब्द घडवला. ‘कुक्लोस’ म्हणजे वर्तुळ, चाक आणि सापाचं वेटोळंही. पिडिंग्टनला हे वेटोळंच भावलं, कारण वादळ कंपासने काढल्यासारखं गोल असतं असा दावा त्याला करायचाच नव्हता. किती नेमका माणूस! पुस्तकासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या असत. त्यांवर वाऱ्याचे बाण काढलेले. चकती नकाशावर ठेवून कप्तानाने वादळाचं केंद्र ओळखायचं आणि जहाज वळवायचं. ‘कुक्लोस’ आणि आपलं ‘चक्र’ एकाच प्राचीन मुळाचे, त्यामुळे आपलं ‘चक्रीवादळ’ ‘सायक्लोन’चं सख्खं भावंडच ठरतं.

पण याच माणसाचं सरकारने ऐकलं नाही, ही गोष्ट मला फार लागते. सुंदरबनात मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं. १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला उघड पत्र लिहून बजावलं, की चक्रीवादळाबरोबर समुद्राची लाट आत घुसेल आणि बंदर बुडवेल. तरीही तिथे पोर्ट कॅनिंग हे बंदर उभं राहिलं. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आलं, लाट आत शिरली, बंदराची दैना झाली; पुढे काही वर्षांत ते सोडूनच द्यावं लागलं.

आपल्या किनाऱ्यानेही ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ पाहिलं आहे. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्यात आडव्या झाल्या. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने. किनाऱ्यावरच्या वाचकांनो, या महिन्यांत बंदरावर धोक्याचा बावटा लागला, की होड्या वर ओढा आणि घर सोडायला सांगितलं तर उजेडातच निघा.