पांढुर्ण्याची तिजोरी, भोपाळची किल्ली

आर्थिक वर्ष सरत आले की नगरपालिकांच्या सभागृहांत अंदाजपत्रकाची धांदल उडते. पांढुर्णा व सौंसर येथेही ती उडते. नागपूरच्या उंबरठ्यावरची, संत्र्यांच्या बागांची ही दोन मराठी गावे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिली. तोवर शेजारचे काटोल आणि हे पांढुर्णा 1922 च्या एकाच मध्यप्रांत नगरपालिका कायद्याखाली नांदत होते. पुढे मध्य प्रदेशाने 1961 मध्ये आणि महाराष्ट्राने 1965 मध्ये आपापला कायदा केला. कायदे दोन झाले, दुखणे मात्र एकच राहिले.

अंदाजपत्रकाचा विधी सर्वांच्या परिचयाचा आहे. मुख्य नगरपालिका अधिकारी आकडे मांडतो, अध्यक्ष-परिषद त्यांवर नजर फिरवते आणि नगरसेवकांची सभा मंजुरीचा हात वर करते. खर्चाच्या बाजूवर तासन् तास खडाजंगी होते. अमक्या प्रभागात गटार का नाही, तमक्या गल्लीत दिवा का नाही, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु जमेची बाजू कोणी उघडून पाहतो काय?

ती पाहिली म्हणजे खरे चित्र दिसते. मध्य प्रदेशाने 1976 मध्ये चुंगी, म्हणजे आपली जकात, रद्द केली. नाक्यावरचा जाच संपला, हे चांगलेच झाले. पण नगरपालिकेचे रोजचे हक्काचे उत्पन्नही त्याबरोबर गेले आणि त्याच्या जागी भोपाळहून येणारी चुंगी-क्षतिपूर्ती आली. चुंगीऐवजी आलेला प्रवेश कर 2017 मध्ये वस्तू व सेवा करात विरघळला. चुंगीचे नाव आता फक्त अनुदानाच्या शीर्षकात उरले आहे! या रकमेतूनही थकलेली वीजबिले परस्पर वळती करून घेण्याची रीत राज्यात आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या अनुदानाचा मोठा भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधून दिलेला होता. मग नगरसेवकांनी स्वतःच्या बुद्धीने खर्च करावा असे उरते किती? 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना स्वराज्याचा दर्जा दिला खरा, पण तिजोरीची किल्ली देण्याचे काम राज्यांच्या मर्जीवर सोडले.

2023 मध्ये पांढुर्णा जिल्ह्याचे ठाणे झाले. या दोन तालुक्यांच्या जनतेचे आम्ही त्याबद्दल मनापासून अभिनंदन करतो. मात्र जिल्हा झाला म्हणून नगरपालिकेच्या पेटीत आपोआप रुपया पडत नाही. कचेऱ्या येतात, वाहने येतात, पाण्याची मागणी वाढते. आणि सरकारी इमारतींना मालमत्ता कर माफ! केंद्राच्या मालमत्तेला घटनेच्या 285 व्या अनुच्छेदाचे कवच आहे, राज्याच्या इमारतींना अधिनियमातील सवलतीचे. पाहुणे वाढले, शिधा मात्र घरच्यांनीच पुरवायचा, असा हा प्रकार आहे.

तरीही सारा दोष भोपाळच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार वसुली, दुकानगाळ्यांचे भाडे ही साधने नगरपालिकेच्याच हाती आहेत. परंतु कर वाढवण्याचे सोडाच, थकबाकी मागण्याचाही धीर निवडणुकीच्या भीतीने होत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हापसा किंवा मडगावच्या वाचकाला हे वर्णन परके वाटेल, असे आम्हांस वाटत नाही.

आमची सूचना साधी आहे. मंजुरीच्या सभेपूर्वी पंधरा दिवस अंदाजपत्रकाचा मसुदा नगरपालिकेच्या दारावर आणि आठवडी बाजारात लावावा; हिंदीबरोबर मराठीतही लावावा, कारण करदाता घरी मराठीच बोलतो. त्यात गतवर्षी अंदाजलेली रक्कम आणि प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी छापावी. थकबाकीदारांची यादीही जोडावी, आणि तीत एखाद्या सरकारी कचेरीची पाणीपट्टी निघाली, तर तिचे नाव गाळू नये.