थकवा, पाळी आणि कजा रोज्यांची वही



रमजान संपला की आपल्या घराघरांत एक हिशेब होतो. यंदा किती रोजे सुटले, सहा की सात? शव्वालमध्ये ठेवायचे की थंडीत, दिवस लहान झाल्यावर? हा हिशेब आपण अम्मीकडून शिकतो आणि मुलींना शिकवतो. पण डॉक्टरांनी "शेवटची पाळी कधी आली?" असे विचारले की आपण गडबडतो आणि "झाला असेल दीड महिना" असे अंदाजाने सांगून मोकळे होतो. हार्मोन्सच्या कितीतरी तक्रारींचा पहिला धागा मात्र या तारखांतच सापडतो.

सोलापुरात शास्त्रीनगर असो, विजापूर वेस असो की नई जिंदगी, चार बायका जमल्या की तक्रारी त्याच असतात: थकवा, वाढलेले वजन, गळणारे केस, चिडचिड. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणारी म्हणते, बसून बसून अंग जड झाले. सासूबाई म्हणतात, वयच आहे. शेजारीण म्हणते, हार्मोन्स बिघडले. यांतले काहीही खरे असू शकते, पण "हार्मोन्स बिघडले" हे आजाराचे नाव नव्हे. कोणते बिघडले, हे शोधावे लागते.

सुरुवात रक्तापासून करा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. दम लागणे, चक्कर, थकवा यांचे मूळ अनेकदा तिथेच असते. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी आधी करावी.

दुसरी शक्यता थायरॉइडची. ही गळ्यातील ग्रंथी मंदावली की थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते, अंगावरून जास्त जाते. ती जास्त काम करू लागली तर उलट होते: वजन घटते, छातीत धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसत नाही. टीएसएच या रक्ताच्या एका तपासणीतून बरेच कळते. थायरॉइड मंदावल्यावर दिली जाणारी गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. रमजानमध्ये ती सहेरीच्या अर्धा तास आधी घ्यायची की इफ्तारच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी झोपताना, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, पण महिनाभर बंद ठेवू नका. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि तिच्यात चार तासांचे अंतर हवे.

तिसरी तक्रार तरुण मुलींची, पीसीओएस. पाळी ३५ दिवसांपेक्षा जास्त लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे जात नाहीत, मानेवरची त्वचा काळवंडते. सोनोग्राफीत "गाठी" दिसल्या असे ऐकून आया घाबरतात. त्या कर्करोगाच्या गाठी नसतात. पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या लहान पिशव्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूल होण्याच्या वयातील दर शंभर स्त्रियांत १० ते १३ जणींना हा त्रास असतो. यात साखर वाढण्याचा धोका असतो, म्हणून तीही तपासावी. वजन जास्त असेल तर थोडे उतरले तरी पाळी सुधारू शकते. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे मात्र स्वाभाविक आहे. मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून हा त्रास लपवू नका. इलाज लांबतो आणि मुलगी मनातून खचते.

चौथी गोष्ट वयाची. पंचेचाळिशीच्या आसपास पाळी मागेपुढे होते, अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, बारीकसारीक गोष्टींवर राग येतो. घरच्यांना वाटते, स्वभाव बदलला. स्वभाव तोच आहे. झोप उडाली आहे. हे पती व मुलांनी समजून घ्यावे.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. पाळी सलग तीन महिने आली नाही (आधी गर्भ राहिला आहे का ते पाहावे), चाळिशीच्या आत ती बंद झाली, मूल अंगावर पीत नसताना दूध येऊ लागले, रक्ताच्या मोठ्या गाठी पडू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी "परत सुरू झाली" म्हणून गप्प बसू नका. कारण साधे असू शकते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूणही असू शकते. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात केसपेपर काढा.

अनेक बहिणी शरमेमुळे बोलत नाहीत. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावाविषयी थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांनाच विचारले होते. हा हैज नाही, हे रक्त शिरेचे आहे, असे त्यांनी समजावले आणि नमाज कशी अदा करायची तेही सांगितले. हैज आणि इस्तिहाजा यांतला फरक ओळखायला आपल्याला दिवस मोजावेच लागतात. डॉक्टरही तेच मोजायला सांगतात.

तेव्हा कजा रोज्यांच्या त्याच वहीत आणखी काही रकाने आखा: पाळी कधी आली, किती दिवस राहिली, रोज किती पॅड किंवा कपडे लागले, त्या महिन्यात आणखी काय त्रास झाला. तीन महिन्यांची नोंद झाली की वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांसाठी मात्र तीन महिने थांबू नका. मुलीलाही पहिल्या पाळीपासून अशी वही द्या.

अल्लाह तआला आपणा सर्वांना आरोग्य देवो. आमीन.