‘लिंक नाही’ हे उत्तर आता बंद व्हावे: शाखा कर्मचाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, धाराशिव

विषय: नेटवर्क विभागणीनंतर बँकेच्या शाखा व मुख्य कार्यालयातील सर्व्हर यांच्यातील संपर्क सुरळीत करणे.

विभागणीला आमचा विरोध नाही. ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ल्यात पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. काउंटरचा संगणक आणि मुख्य सर्व्हर एकाच मोकळ्या जाळ्यात नसावेत, हे आम्हाला मान्य आहे. मात्र विभागणी करताना शाखेचे कोणते काम कोणत्या सर्व्हरवर चालते, हे शाखांना विचारलेच नाही. आज कळंब, परंडा, उमरग्यात पीक कर्ज भरायला एसटीने आलेला शेतकरी ‘लिंक नाही’ ऐकून परत जातो आणि बोलणी कॅशियर खातो.

1. कोणत्या शाखेतून, कोणत्या सर्व्हरकडे, कोणत्या पोर्टवर परवानगी आहे, याचा लेखी तक्ता 15 दिवसांत द्यावा. लॉगिनसाठी 53, 88, 389 व 445 उघडले, पण 135 आणि 49152 ते 65535 बंद राहिले, तर काम अर्ध्यावर अडते. सगळेच खुले करा, असे आम्ही म्हणत नाही. तसे केल्यास विभागणीला अर्थ उरणार नाही. जे लागते तेवढेच, पण पूर्ण उघडावे.

2. ‘पिंग जातो, लाइन ठीक आहे’ एवढ्यावर तक्रार बंद करणे थांबवावे. 32 बाइटचा पिंग सहज जातो. 1500 बाइटचे पॅकेट व्हीपीएन टनेलमध्ये मावत नाही. तसे कळवणारा आयसीएमपी संदेशही फायरवॉलने अडवला, की पडदा गोठतो. तो संदेश जाऊ द्यावा आणि प्रत्येक लाइनवर पॅकेटची कमाल मर्यादा ठरवावी. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. फायरवॉलने काय अडवले ते त्याच्याच नोंदीत सापडते. शाखेने वेळ कळवली की त्या मिनिटाची नोंद पाहून 4 तासांत उत्तर मिळावे. शाखेतून एक व्यवहार पूर्ण झाल्याशिवाय तक्रार मिटली असे धरू नये.

3. शाखेकडून सर्व्हरकडे विनंती मुख्य लाइनने गेली आणि उत्तर पर्यायी लाइनने आले, तर फायरवॉल ते टाकून देतो. दोन्ही टोकांचे मार्ग जुळवावेत. महिन्यातून एकदा, कामकाजानंतर, लाइन बदलून चाचणी घ्यावी.

4. शाखा व सर्व्हरच्या घड्याळात 5 मिनिटांहून अधिक फरक पडला की डोमेन लॉगिन नाकारले जाते. वेळ जुळवणारा पोर्ट 123 सर्व शाखांना द्यावा.

5. कामाच्या वेळेत कोणताही बदल करू नये. तुळजापूर शाखेत नवरात्रात तर मुळीच नको. बदलापूर्वी जुनी मांडणी परत आणण्याची सोय ठेवावी आणि शाखाधिकाऱ्यास एक दिवस आधी कळवावे.

6. संपर्क तुटल्याने दिवसअखेरचे काम (डे-एंड) रात्रीपर्यंत लांबले, तर त्या तासांचा जादा कामाचा मोबदला द्यावा. अशा विलंबासाठी कर्मचाऱ्यांना दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा मागे घ्याव्यात. फायरवॉलचा नियम कॅशियरने लिहिलेला नाही.

सुरुवात भूम शाखेपासून करावी. तिथे आठवडाभर व्यवहार अडला नाही, की तीच मांडणी इतर शाखांना लावावी. 15 दिवसांत या मागण्यांच्या पूर्ततेचे लेखी वेळापत्रक न मिळाल्यास सोळाव्या दिवशी आमचे प्रतिनिधी प्रत्येक शाखेच्या तक्रार नोंदवहीसह मुख्य कार्यालयात चर्चेस येतील. त्या बैठकीस नेटवर्कचे काम पाहणारा कंत्राटदारही हजर ठेवावा.

शाखा कर्मचारी संघटनेच्या वतीने