१२ व्होल्टची पेटी घेताना



कपाशीवर मावा-तुडतुडे दिसू लागलेले, औषध आणून ठेवलेले, पावसाने उघडीप दिलेली, आणि नेमका त्याच सकाळी चार्जिंगचा फवारणी पंप बंद पडतो. हा अनुभव आता पुष्कळ घरांना आहे. तालुक्याच्या दुकानात पंप टाकला की दोन-चार दिवस मोडतात, आणि कीड काही तेवढे दिवस थांबत नाही. बिघाड मात्र बहुधा लहान असतो. एखादी वायर सुटलेली असते, बटण गंजलेले असते, नाहीतर बॅटरी संपलेली असते. आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक होऊन आलेला मुलगा वा मुलगी घरात असेल, तर हे काम ओसरीवरच्या टेबलावर तासाभरात होते.

अशा टेबलावर पहिली गरज असते ती लाइनच्या २३० व्होल्टमधून १२ व्होल्ट करून देणाऱ्या पेटीची. बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात. शेतीखात्याच्या माणसाने अशा पेटीवर का लिहावे, असे कोणी विचारील. फवारणी पंप, झटका मशीन आणि बॅटरीवरचे दिवे आता नांगर-वखरासारखीच शेतीची अवजारे झाली आहेत, म्हणून लिहितो. शिवाय या पेटीच्या एका बाजूला हात लावला तर काही होत नाही, आणि दुसऱ्या बाजूला लावला तर जीव जातो. तेव्हा ती समजून घेतलेली बरी.

पेटी काय करते

पूर्वी रेडिओ लाइनवर चालवायला एलिमिनेटर मिळत असे. त्यात लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. आपल्या लाइनचा प्रवाह सेकंदाला ५० फेरे घेतो आणि एवढ्या संथ फेऱ्यांना लोखंड व तांबे भरपूर लागते. एसएमपीएस लाइनचा प्रवाह आधी एकदिश करते आणि मग तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. त्यामुळे काड्यापेटीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो, वजन घटते आणि उष्णतेत वाया जाणारी वीजही कमी होते. अमेरिकेत १९७७ साली निघालेल्या ॲपल-२ या संगणकात रॉड होल्ट यांनी असाच पुरवठा बसवला होता. आज मोबाइलच्या चार्जरपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे हीच पद्धत आहे.

व्होल्ट आणि अँपिअर

दुकानदार विचारतो, “१२ व्होल्ट ५ अँपिअरची देऊ की १० अँपिअरची?” घेणाऱ्याला भीती वाटते की १० अँपिअरची पेटी लहान मोटर जाळून टाकील. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजायला कठीण नाही. ताशी ४ लिटरचा ड्रीपर मोठ्या पंपाला जोडला म्हणून ४० लिटर पाणी सोडत नाही. नळीत दाब ठरलेला असला, की तो आपले ४ लिटरच घेतो. व्होल्ट म्हणजे दाब. अँपिअरचा आकडा म्हणजे पंपाची कुवत. दाब दुप्पट झाला तर नळी फुटते, तसे १२ व्होल्टच्या यंत्राला २४ व्होल्ट दिले तर ते जळते. कुवत जास्त असल्याने मात्र यंत्र बिघडत नाही. व्होल्ट बरोबर तेवढेच हवेत. अँपिअर गरजेपेक्षा जास्त असावेत.

किती जास्त? यंत्र चालताना जेवढे अँपिअर घेते, त्याच्या दीडपट ते दुप्पट धरावे. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते, म्हणून ही तजवीज. फवारणी पंप, दिवे अशा घरगुती कामाला १२ व्होल्ट १० अँपिअर, म्हणजे १२० वॅटची पेटी पुरते.

आपल्या खान्देशात आणखी एक हिशेब करावा लागतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. सुमारे ५० अंशांच्या पुढे पुष्कळ पेट्यांना पूर्ण भार पेलत नाही. तेव्हा उन्हाळ्यात अर्ध्या भारावरच काम घ्यावे. पेटीच्या जाळीत रुईचे तंतू अडकतात, पाली शिरतात. पेटी भिंतीवर उंच ठेवावी, चारी बाजूंनी हवा खेळू द्यावी, आणि जाळी कोरड्या ब्रशने साफ करावी, तीही प्लग काढूनच.

बाजूचा छोटा खटका

पुष्कळ पत्र्याच्या पेट्यांना बाजूला ११५ आणि २३० असे लिहिलेला लहान लाल खटका असतो. घरी आणताच तो २३० वर आहे ना, हे पाहावे. तो ११५ वर राहिला आणि लाइन दिली, तर आतले कपॅसिटर आवाज करून फुटतात.

येथे एक मोह होतो. शिवारात सगळ्यांचे पंप चालू झाले की व्होल्टेज उतरते आणि २३० वर लावलेली पेटी बंद पडते. मग कोणी खटका ११५ वर सरकवतो, आणि पेटी चालूही होते. पण शेजारचे पंप बंद झाले की व्होल्टेज पुन्हा चढते आणि पेटी उडते. म्हणून खटक्याची पेटी घेऊच नये. जिच्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, ती घ्यावी. चढउतार ती आपणच सांभाळते. प्लगचे अडॅप्टर घेणार असाल, तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे.

पहिला पैसा अर्थिंगवर

पत्र्याच्या पेटीला फेज, न्यूट्रल आणि अर्थ असे तीन स्क्रू असतात. तिसरा मोकळा सोडण्याची आपल्याकडे खोड आहे. मग पत्र्याला हात लावला की चुणचुण होते. पेटी नवी आहे म्हणून असे होते, असे समजू नये. खरखर गाळणारे आतले कपॅसिटर थोडा प्रवाह पत्र्यावर आणतात आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. उद्या आतली फेजची वायर पत्र्याला टेकली, तर त्याच पत्र्यावर पुरे २३० व्होल्ट येतील.

म्हणून पेटीआधी घराचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईला धरत नाही, तेव्हा त्या खड्ड्यात पाणी घालत जावे. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडण्याची युक्ती कोणी सांगितली तरी करू नये. न्यूट्रल तुटला की सगळ्या पत्र्यावर वीज उतरते. टेबलाच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली, की ती क्षणात लाइन तोडते.

जोडणीच्या स्क्रूंवर झाकण असावे. पेटी बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही वेळ साठलेला राहतो. नवशिक्याने पेटी उघडू नये. टेबलाखाली कोरडी लाकडी फळी असावी, ओल्या हाताने काम करू नये, आणि घरात लहान मूल असेल तर बोर्ड त्याच्या हाताबाहेर ठेवावा.

वापरताना

पेटी सुरू केली की यंत्र जोडण्याआधी मल्टिमीटरने व्होल्ट मोजावेत. कडेच्या लहान स्क्रूने ते बरोबर १२ वर आणावेत. मग मोटारीच्या दिव्याचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब जोडून अर्धा तास ठेवावा. हा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. तेवढ्यात व्होल्ट उतरले किंवा जळका वास आला, तर पेटी परत करावी.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण १० अँपिअरने बारीक वायर लालबुंद होते आणि आग लागते. म्हणून बाहेर जाणाऱ्या लाल वायरमध्ये गाडीचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज घालावा. अधिक-उणे दोनदा पाहून मगच जोडावे. घरात जुन्या संगणकाची पेटी पडून असेल, तर तीही कामी येते. तिची पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि काळी उणे. हिरवी वायर काळीला जोडली की ती पेटी सुरू होते.

कशाला वापरू नये

१२ व्होल्टवर लावलेल्या पेटीने १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीला भरताना १४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तेव्हा पंपाचा मूळ चार्जरच वापरावा. लिथियमच्या बॅटरीला तर दुसरे काहीही जोडू नये, ती पेट घेते.

ठिबकच्या स्वयंचलित व्हॉल्व्हची कॉइल पुष्कळदा २४ व्होल्ट एसीची असते. ही पेटी डीसी देते. तिच्यावर ती कॉइल तापून जळते. त्यावर छापलेले वाचल्याशिवाय जोडू नये.

झटका मशीन टेबलावर तपासताना कुंपणाच्या टोकापासून हात दूर ठेवावा. तेथे काही हजार व्होल्टचे ठोके येतात. शेतात ते मशीन त्याच्या बॅटरीवरच चालवावे. कुंपणाला घरची लाइन थेट जोडणे म्हणजे रानडुकराच्या नावाने माणूस मारणे आहे. तो गुन्हाही आहे.

घरातले पोर असल्या कामात हात घालत असेल, तर त्याला रागावू नका. त्याचा हा हात उद्या गावाच्या उपयोगी पडेल. मात्र त्याने पेटीसाठी पैसे मागितले, की आधी विचारा, “अर्थिंग झाले का?” ते झाले असेल, तर पैसे आनंदाने द्यावेत.