नुसतं 'छान' नको!

बालमित्रांनो, मैत्रिणीनं मोबाइलवर काढलेले २० फोटो दाखवले, तर तुम्ही काय म्हणता? 'छान!' झालं. त्यातून तिला काय कळलं? काहीच नाही!

आधी नीट बघा. आवडलेला एक फोटो निवडा आणि का आवडला ते सांगा. समजा, मोती तलावावरची संध्याकाळ आहे. पाण्यावरचा उजेड सुरेख उतरलाय, हे सांगा. आजीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसतोय? मग 'दोन पावलं बाजूला सरकून काढ' असं सुचवा. हसू मात्र नका. हसलं, की फोटो काढणंच बंद होतं.

आणि फोटो कुणी काढला, यावरून मत ठरवू नका बरं! होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. तरी सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या, माणेकशॉ यांच्या नावानं छापले जात. काम त्यांचं, नाव दुसऱ्याचं! पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

म्हणून पालकांनो, मुलीनं काढलेला फोटो नातेवाइकांना पाठवताना खाली तिचं नाव जरूर लिहा. शाबासकी योग्य घरी पोहोचायला हवी ना!