'फोन लाइन फॉल्ट'ची बीप नको म्हणून तपासणीच बंद करणे धोक्याचे

भिंतीवरच्या अलार्म पॅनेलवर पिवळा दिवा लागतो, थोड्या थोड्या वेळाने बीप वाजते आणि स्क्रीनवर येते 'फोन लाइन फॉल्ट'. फोन उचलून बघावा तर डायल टोन व्यवस्थित. असे तीन-चार वेळा झाले की घरचे वैतागतात. इन्स्टॉलर येतो आणि पाच मिनिटांत लाइन तपासणीचा पर्यायच बंद करून जातो. बीप थांबते. मात्र त्यानंतर लाइन खरोखर तुटली तरी पॅनेल कोणाला काही सांगणार नाही.

शिवाजी पेठेत निवृत्ती चौकापासून रंकाळ्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांत घरे एकमेकांना खेटून आहेत. सायरन वाजला तर शेजारी धावून येतील, पेठेत तेवढी आपुलकी अजून आहे. पण मुलगा पुण्याला, आई-वडील दिवाळीला त्याच्याकडे आणि घराला कुलूप, अशा वेळी मुलाच्या मोबाइलवर कॉल जायचा तर पॅनेलची लाइन जिवंतच हवी.

मुळात हा फॉल्ट बहुतेक वेळा खोटा नसतोच. लाइन तपासताना पॅनेल सहसा डायल टोन ऐकत नाही, दोन तारांमधला व्होल्टेज मोजते. तांब्याच्या लाइनवर रिसीव्हर ठेवलेला असताना तो साधारण ४८ व्होल्ट असतो, उचलला की दहाच्या आसपास उतरतो. ठरावीक वेळेपेक्षा जास्त काळ तो खाली राहिला की पॅनेल फॉल्ट दाखवते. वरच्या मजल्यावरच्या पॅरलल फोनचा रिसीव्हर वाकडा ठेवला गेला, तरी एवढे पुरते.

आता तांब्याच्या जागी फायबर येत आहे. बीएसएनएलच्या जुन्या ०२३१ च्या लाइनही फायबरवर जात आहेत. फायबरवर हा व्होल्टेज एक्स्चेंजमधून येत नाही. घरात बसवलेली पेटी, म्हणजे ओएनटी, तो तयार करते. लोक तिला मोडेमच म्हणतात. काही पेट्या ४८ पेक्षा बराच कमी व्होल्टेज देतात आणि तांब्यावर बेतलेले जुने पॅनेल गोंधळते. त्याहून मोठी गोष्ट विजेची. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटऱ्या वीज पुरवत, त्यामुळे घरची लाइट गेली तरी फोन चालू राही. फायबरमधून वीज येत नाही. लाइट गेली की पेटी बंद आणि लाइन मृत. पॅनेल आपल्या १२ व्होल्ट बॅटरीवर जागे असते आणि खरे तेच सांगते. कित्येक घरांत पंखे-दिवे इन्व्हर्टरवर असतात, ही पेटी मात्र साध्या सॉकेटवर.

म्हणून पहिले काम, फॉल्ट कधी आला ते आठवडाभर कागदावर लिहिणे. लाइट गेली तेव्हाच येत असेल तर पेटी इन्व्हर्टरवर घ्यावी किंवा तिला छोटा यूपीएस लावावा. पावसात येऊन ऊन पडल्यावर जात असेल तर तांब्याच्या जोडात पाणी शिरते आहे. ती तक्रार टेलिफोन कंपनीकडे करावी, पॅनेल बदलून उपयोग नाही. कधीही येत असेल तर लाइन पॅनेलमधून काढून थेट साध्या फोनला लावावी आणि मल्टिमीटरने व्होल्टेज बघावा. तो सतत ठीक असेल, तरच पॅनेलवर किंवा त्याच्या गंजलेल्या जॅकवर संशय घ्यावा.

सिमवर चालणाऱ्या पॅनेलची दुखणी वेगळी. रिचार्ज संपलेला असणे हे त्यात सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे. पॅनेलच्या सिमला डेटा बऱ्याचदा लागतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. वर्षाचा असा पॅक घेतला की निम्मी कटकट मिटते. जुन्या २जी पॅनेलमध्ये जिओचे सिम चालत नाही, कारण जिओचे नेटवर्क २जी देतच नाही. बॅटरी थकली असेल तर कॉल लावताना लागणारा जोराचा करंट तिला झेपत नाही, मोड्यूल पुन्हा सुरू होते आणि फॉल्ट दिसतो.

एक चूक मात्र फॉल्टचा दिवाही लावत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. त्याआधी पॅनेलमध्ये भरलेला मुलाचा नंबर शून्याशिवाय असेल, तर लाइन ठणठणीत असूनही कॉल लागणार नाही.

जबाबदारी एकट्या घरमालकावर टाकणे बरोबर नाही. तांबे काढून फायबर जोडणाऱ्याने 'या लाइनवर अलार्म आहे का' हे विचारायलाच हवे. तपासणी बंद करून जाणाऱ्या इन्स्टॉलरने ते बिलावर लिहून द्यायला हवे. ज्यांच्या घरी लाइन फायबरवर गेली आहे त्यांनी मेन स्विच बंद करून, शेजाऱ्यांना आधी सांगून, एकदा अलार्म वाजवून बघावा आणि मुलाचा मोबाइल वाजतो का ते त्यालाच विचारावे.